विश्लेषण : प्रोस्टेटच्या कर्करोगाची रसद तोडणारा सर्जन, कोण होते चार्ल्स हगिन्स?

घरातल्या एखाद्या ज्येष्ठ पुरुषाला प्रोस्टेटचा कर्करोग झाला आणि निदान होईपर्यंत तो हाडांपर्यंत पसरलेला असला, तर डॉक्टर बहुतेक वेळा सर्वात आधी हार्मोन बंद करण्याबद्दल बोलतात. दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी एक इंजेक्शन आणि सोबत रोजच्या गोळ्या, असा हा उपचार असतो. इंजेक्शनांचा खर्च किंवा दवाखान्याच्या फेऱ्या जमणार नसतील, तर दोन्ही वृषणग्रंथी काढून टाकण्याची छोटी शस्त्रक्रिया सुचवली जाते. हे ऐकून घरचे गोंधळतात. दुखतंय कंबरेच्या हाडात, गाठ आहे मूत्राशयाच्या खाली, मग शस्त्रक्रिया तिसरीकडेच कशाला?

या प्रश्नाचं उत्तर ८० वर्षांहून जुनं आहे. ते शोधणारे चार्ल्स ब्रेंटन हगिन्स हे काही मूत्ररोगांचं रीतसर शिक्षण घेतलेले डॉक्टर नव्हते आणि कर्करोगाचे तज्ज्ञ म्हणूनही त्यांनी सुरुवात केली नव्हती. त्या काळी कर्करोगाची पेशी ही बंडखोर पेशी मानली जायची. एकदा बिघडली की शरीराचं कुठलंही नियंत्रण ती मानत नाही, त्यामुळे ती कापून काढा किंवा किरणांनी जाळा, असे दोनच मार्ग होते. हगिन्स यांनी दाखवून दिलं की सगळेच बंडखोर स्वयंपूर्ण नसतात. काहींना शरीराकडूनच रसद लागते आणि ती तोडता येते.

हार्वर्डची पदवी, पण युरोलॉजी पुस्तकातून

हगिन्स यांचा जन्म २२ सप्टेंबर १९०१ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स इथे झाला. वडील औषधविक्रेते होते. नोव्हा स्कोशियातल्याच अकेडिया विद्यापीठातून १९२० मध्ये ते पदवीधर झाले आणि हार्वर्ड मेडिकल स्कूलमधून १९२४ मध्ये डॉक्टर. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं २२. पुढे मिशिगन विद्यापीठात त्यांनी शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण घेतलं. तिथेच त्यांची मार्गारेट वेलमन यांच्याशी ओळख झाली आणि १९२७ मध्ये दोघांनी लग्न केलं.

त्याच वर्षी शिकागो विद्यापीठाचं नवं वैद्यकीय महाविद्यालय आणि बिलिंग्ज हॉस्पिटल सुरू होत होतं. पहिल्या फळीतल्या मोजक्या प्राध्यापकांत हगिन्स यांची निवड झाली. शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख होते डॅलस फेमिस्टर. विभागात मूत्ररोग पाहणारं कुणी नव्हतं, तेव्हा ती जबाबदारी फेमिस्टर यांनी या तरुण सर्जनवर टाकली. हगिन्स यांना युरोलॉजीचा अनुभव नव्हता. त्यांनी पाठ्यपुस्तक घेतलं आणि ते अक्षरशः घोकून काढलं. कॅम्पस प्लेसमेंटमध्ये भलत्याच विभागात पडलेल्या कुठल्याही इंजिनीअरला ही परिस्थिती ओळखीची वाटेल. फरक इतकाच की हगिन्स त्या विभागातून पुढे नोबेलपर्यंत गेले.

कदाचित बाहेरून आल्याचाच त्यांना फायदा झाला. प्रोस्टेट ही त्या काळच्या युरोलॉजिस्टसाठी मुख्यतः लघवी अडवणारी, म्हणून कापायची ग्रंथी होती. ती नेमकं काय तयार करते, किती करते आणि कुणाच्या हुकमावर करते, हे विचारण्याची सवय शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात फारशी नव्हती.

हाडांपासून सुरू झालेला रस्ता

हगिन्स यांचं पहिलं गाजलेलं संशोधन प्रोस्टेटवर नव्हतंच, ते हाडांवर होतं. कुत्र्याच्या मूत्रमार्गाचं अस्तर काढून पोटाच्या स्नायूंत बसवलं तर तिथे चक्क हाड तयार होतं, हे त्यांनी १९३१ मध्ये दाखवलं. हाड बनण्यामागचं रसायनशास्त्र समजून घेण्यासाठी ते लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट रॉबिसन यांच्याकडे गेले. हाडं घडताना फॉस्फेटेज नावाचं एन्झाइम महत्त्वाचं काम करतं, हे रॉबिसन यांनी आधीच दाखवलं होतं. एन्झाइम मोजायचं कसं, हे हगिन्स तिथे शिकले.

ही वरवर आडवाट वाटते. पण पुढचं सगळं याच शिदोरीवर उभं आहे. १९३५ मध्ये कळलं की फॉस्फेटेजचाच एक प्रकार, अ‍ॅसिड फॉस्फेटेज, प्रोस्टेटमध्ये प्रचंड प्रमाणात तयार होतो. १९३८ मध्ये न्यूयॉर्कमधील अलेक्झांडर आणि एथेल गुटमन या दाम्पत्याने नोंदवलं की प्रोस्टेटचा कर्करोग शरीरात पसरलेल्या अनेक पुरुषांच्या रक्तात हे एन्झाइम वाढलेलं असतं. या कर्करोगाला हाडांची ओढ असते आणि तिथे तो नवं, बेढब हाड तयार करायला लावतो, त्यामुळे रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेजही वाढतं. म्हणजे एका नळीभर रक्तात दोन आकडे मिळत होते. एक गाठीची हालचाल सांगणारा आणि दुसरा हाडांची. शस्त्रक्रिया येणारा, हाडं समजणारा आणि एन्झाइम मोजता येणारा माणूस शिकागोत तयार बसला होता.

नको असलेले कुत्रे कामी आले

१९३०च्या दशकाच्या अखेरीस हगिन्स यांनी कुत्र्यांवर एक नाजूक शस्त्रक्रिया बसवली. प्रोस्टेटला मूत्रमार्गापासून वेगळं करून तिचा स्राव एका नळीतून बाहेर घ्यायचा. त्यामुळे लघवी मिसळण्याचा प्रश्न उरला नाही आणि एकाच प्राण्यात महिनोन्महिने, दररोज किती मिलिलीटर स्राव झाला याची नोंद ठेवता आली. ग्रंथी चालू आहे की बंद, हे आता आकड्यात दिसत होतं.

मग एकेक कळ दाबून पाहण्याचं काम सुरू झालं. वृषणग्रंथी काढल्या की स्राव थांबला आणि प्रोस्टेट आक्रसली. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन दिलं की स्राव पुन्हा सुरू. स्त्री-हार्मोन इस्ट्रोजेन दिलं की पुन्हा बंद. इथे काळाचीही साथ होती. टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत बनवता येऊ लागलं ते १९३५ मध्ये. दहा वर्षं आधी हाच प्रयोग करायला घेतला असता तर इंजेक्शनात भरायला शुद्ध हार्मोनच मिळालं नसतं.

प्रयोगांत एक कटकट होती. कुत्रा हा असा दुर्मीळ प्राणी आहे की म्हातारपणी माणसासारखीच त्याचीही प्रोस्टेट वाढते आणि तिच्यात गाठी होतात. असा कुत्रा निघाला की आकडे बिघडायचे, सुरुवातीला हगिन्स वैतागायचे. पण अशाच एखाद्या कुत्र्यात हार्मोन तोडलं तर गाठीचं काय होईल, हा विचार आला आणि चित्र पालटलं. वृषणग्रंथी काढल्यावर या गाठी भराभर लहान झाल्या. आधी टाळले जाणारे कुत्रे आता मुद्दाम शोधून आणले जाऊ लागले.

वृषण काढल्यावर प्रोस्टेट आक्रसते, हे निरीक्षण नवं नव्हतं, हेही सांगायला हवं. अठराव्या शतकातील ब्रिटिश सर्जन जॉन हंटर यांनी ते प्राण्यांत नोंदवलं होतं. १८९६ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी स्तनांच्या कर्करोगात अंडाशय काढून काही स्त्रियांमध्ये गाठी विरघळल्याचं दाखवलं होतं. पण कुणाला फायदा होतो, कुणाला नाही आणि का, याचं उत्तर नसल्याने तो धागा तसाच लोंबकळत राहिला. हगिन्स यांच्याकडे जास्तीचं काय होतं, तर मोजमाप.

१९४१ : २१ रुग्ण आणि रक्तातला आकडा

त्यांच्याकडे येणारे रुग्ण शेवटच्या टप्प्यातले होते. पाठीच्या कण्यात, कमरेत, मांड्यांच्या हाडांत पसरलेला कर्करोग. अनेक जण वेदनांमुळे अंथरुणाला खिळलेले, गुंगीच्या औषधांवर दिवस काढणारे. त्यांच्यासाठी वैद्यकशास्त्राकडे देण्यासारखं काहीच नव्हतं.

क्लॅरेन्स हॉजेस या तरुण सहकाऱ्यासोबत हगिन्स यांनी अशा रुग्णांच्या वृषणग्रंथी काढल्या आणि रक्तातलं अ‍ॅसिड फॉस्फेटेज नियमित मोजलं. आकडा खाली आला. काही रुग्णांच्या वेदना थोड्याच दिवसांत कमी झाल्या. भूक परतली, वजन वाढलं, अंथरुणावरचे उठून चालू लागले. काहींना इस्ट्रोजेनची इंजेक्शनं देऊनही आकडा तसाच उतरला. १९४१ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. शस्त्रक्रिया झालेल्या पहिल्या २१ रुग्णांच्या मालिकेत बहुतेकांची स्थिती सुधारली होती. त्यांतले काही मोजके पुढे दशकभराहून अधिक जगले. शरीरात सर्वत्र पसरलेल्या कर्करोगावर शस्त्रक्रियेची सुरी न पोहोचवता परिणाम होऊ शकतो, हे पहिल्यांदाच आकड्यांसह सिद्ध झालं होतं.

याच संशोधनातली एक गोष्ट मात्र आज वाचताना खटकते. हार्मोन तोडल्याने रोग उतरतो, तर हार्मोन दिल्याने चढतो का, हे पाहण्यासाठी त्यांनी काही रुग्णांना टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनंही दिली. आकडा वाढला. आजच्या नीतिनियमांत हा प्रयोग कुठल्या समितीने मंजूर केला असता, असं वाटत नाही. शास्त्रीय बाजूही तशी लंगडी होती. अनेक दशकांनी अमेरिकी युरोलॉजिस्ट अब्राहम मॉर्गेंटेलर यांनी मूळ नोंदी तपासून लक्षात आणून दिलं की टेस्टोस्टेरॉन तिघांना दिलं होतं, निकाल दोघांचेच दिले होते आणि त्या दोघांपैकी एकाची वृषणं आधीच काढलेली होती. म्हणजे धडधाकट पुरुषाला टेस्टोस्टेरॉन दिलं की प्रोस्टेटचा कर्करोग भडकतो, हा पुढे साठ-सत्तर वर्षं घोकला गेलेला धडा एका माणसाच्या रक्तावर उभा होता. हार्मोन तोडण्याचा फायदा नंतर असंख्य रुग्णांमध्ये पुन्हा पुन्हा दिसला, त्यामुळे मुख्य शोधाला धक्का लागत नाही. पण उलट बाजूचं विधान तितकं पक्कं नव्हतं.

गोळी आली, सोबत दुखणीही

वृषण काढण्याच्या शस्त्रक्रियेला रुग्ण सहजासहजी तयार होत नव्हते, यात नवल नाही. आपल्याकडे तर आजही हा विषय घरात मोठ्याने बोलला जात नाही. पर्याय म्हणून गोळी हाताशी होती. लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी १९३८ मध्ये स्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन बनवलं होतं. त्यावर पेटंट घेतलेलं नव्हतं, ते स्वस्त होतं आणि तोंडाने घेता येत होतं. रक्तातलं इस्ट्रोजेन वाढलं की मेंदू वृषणांना पाठवायचा हुकूम थांबवतो आणि टेस्टोस्टेरॉनचं उत्पादन बंद पडतं. पुढची कित्येक वर्षं प्रोस्टेटच्या रुग्णांना हीच गोळी मिळाली.

किंमत नंतर कळली. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९६०च्या दशकात आले. रोज पाच मिलिग्रॅम स्टिलबेस्ट्रॉल घेणाऱ्यांमध्ये कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले होते, पण हृदयविकार आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे वाढले होते. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं जात होतं.

रसद तोडूनही रोग का परतला?

हगिन्स यांना सर्वात जास्त छळणारा प्रश्न हा होता. सुधारलेले रुग्ण काही महिन्यांनी, काही वर्षांनी पुन्हा आजारी पडत. टेस्टोस्टेरॉनचा मुख्य कारखाना बंद असूनही गाठी वाढू लागत.

त्यांनी तर्क लढवला की आणखी एखादा छोटा कारखाना चालू असणार. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीही थोडे पुरुष-हार्मोन बनवतात. मग १९४५ मध्ये हगिन्स आणि विल्यम स्कॉट यांनी मोजक्या रुग्णांच्या दोन्ही अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढून पाहिल्या. तर्क बरोबर होता, काळ चुकीचा होता. अ‍ॅड्रिनलशिवाय माणूस फार दिवस जगू शकत नाही आणि तिच्या जागी देता येईल असं कॉर्टिसोन तेव्हा औषध म्हणून मिळतच नव्हतं. रुग्ण दगावले. कॉर्टिसोन उपलब्ध झाल्यावर १९५१ मध्ये हगिन्स आणि डेल्बर्ट बर्गेन्स्टाल यांनी हीच शस्त्रक्रिया पुन्हा केली. या वेळी रुग्ण जगले. प्रोस्टेटमध्ये फायदा मर्यादित आणि थोड्या काळाचा ठरला, पण पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या साधारण एक तृतीयांश स्त्रियांमध्ये गाठी लक्षणीय आटल्या.

१९४५ चा तो फसलेला प्रयत्न लक्षात ठेवा. त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

कुलूप सापडलं त्यांच्याच प्रयोगशाळेत

अलाबामातील लाकूड व्यावसायिक बेन मे यांच्या देणगीच्या बळावर १९५१ मध्ये शिकागो विद्यापीठात बेन मे कर्करोग संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली आणि हगिन्स तिचे पहिले संचालक झाले. त्यांची पद्धत आजच्या मोठ्या संशोधन प्रकल्पांच्या अगदी उलट होती. माणसं कमी, बैठका त्याहून कमी आणि संचालक स्वतः प्रयोगाच्या टेबलावर. उंदरांना एका रसायनाचा एकच डोस पाजून काही आठवड्यांत हार्मोनवर वाढणारे स्तनकर्करोग निर्माण करण्याची त्यांची पद्धत पुढे जगभर वापरली गेली.

पण या प्रयोगशाळेची मोठी कमाई दुसऱ्यांच्या हातून झाली. हार्मोन रक्तातून सगळ्या शरीरात फिरतं. मग ते त्वचेला किंवा फुफ्फुसाला सोडून गर्भाशय, स्तन, प्रोस्टेट यांच्यावरच का काम करतं? हगिन्स यांच्यासोबत काम करणारे रसायनशास्त्रज्ञ एल्वुड जेन्सन यांनी इस्ट्रोजेनला किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावली आणि त्याचा माग काढला. ५०च्या दशकाच्या अखेरीस दिसून आलं की इतर अवयवांतून ते निघून जातं, गर्भाशयाच्या पेशी मात्र ते धरून ठेवतात. कारण त्या पेशींत त्याला पकडणारं खास प्रथिन असतं. हाच रिसेप्टर. हार्मोनला किल्ली मानलं तर हे कुलूप. यातूनच अ‍ॅड्रिनल काढलेल्या सुमारे एक तृतीयांश स्त्रियांनाच फायदा का होतो, याचा उलगडा झाला. ज्यांच्या गाठीत हे कुलूप होतं, त्यांनाच. बाकीच्यांवरची शस्त्रक्रिया व्यर्थ होती आणि ती टाळता येणार होती.

पुरुष-हार्मोनचं कुलूपही ६०च्या दशकाच्या शेवटी सापडलं. एका बाजूला निकोलस ब्रुकोव्स्की आणि जीन विल्सन, दुसऱ्या बाजूला बेन मे प्रयोगशाळेतच काम करणारे, तैवानहून आलेले शुत्सुंग लियाओ. त्यांच्या कामातून चित्र स्पष्ट झालं ते असं. टेस्टोस्टेरॉन प्रोस्टेटच्या पेशीत शिरतं, तिथे त्याचं अधिक जोरकस रूप तयार होतं, ते अँड्रोजेन रिसेप्टरला चिकटतं, मग ही जोडी पेशीच्या केंद्रकात जाऊन डीएनएवर बसते आणि वाढीची जनुकं चालू करते. आज ज्या पीएसए चाचणीवर रुग्णाच्या घरच्यांचा जीव टांगलेला असतो, त्या पीएसएचं जनुकही हाच रिसेप्टर चालू करतो. म्हणून हार्मोन तोडलं की पीएसए खाली येतो. गुटमन दाम्पत्याच्या अ‍ॅसिड फॉस्फेटेजची जागा आता त्याने घेतली आहे.

नोबेलसाठी २५ वर्षं

१९६६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल हगिन्स यांना पेटन राउस यांच्यासोबत विभागून मिळालं. राउस यांनी कोंबड्यांमध्ये विषाणूमुळे कर्करोग होतो हे १९११ मध्येच दाखवलं होतं आणि पुरस्कार घेताना ते ८७ वर्षांचे होते. हगिन्स ६५ वर्षांचे. या दिरंगाईमागे एक जुनी फजिती होती. १९२६ चं नोबेल डेन्मार्कच्या योहानेस फिबिगर यांना जंतांमुळे कर्करोग होतो या शोधासाठी दिलं गेलं आणि तो शोध पुढे चुकीचा ठरला. हात पोळल्यावर नोबेल समितीने ४० वर्षं कर्करोगाच्या संशोधनाला हात लावला नाही.

१९६९ मध्ये हगिन्स यांनी संचालकपद जेन्सन यांच्याकडे सोपवलं. १९७२ ते १९७९ या काळात ते आपल्या जुन्या अकेडिया विद्यापीठाचे कुलपती होते. प्रयोगशाळेत जाणं त्यांनी उतारवयातही सुरू ठेवलं. मुलगा चार्ल्स एडवर्ड हेही सर्जन होते आणि रक्त गोठवून साठवण्याच्या तंत्रासाठी ओळखले जात. पत्नी १९८३ मध्ये आणि मुलगा १९९० मध्ये गेला. १२ जानेवारी १९९७ रोजी शिकागोत वयाच्या ९५व्या वर्षी हगिन्स यांचं निधन झालं.

आजच्या इंजेक्शन-गोळ्यांत हगिन्स कुठे आहेत?

मेंदूतून वृषणांपर्यंत हुकूम पोहोचवणाऱ्या एलएचआरएच या हार्मोनची रचना अँड्र्यू शॅली यांच्या चमूने १९७१ मध्ये उलगडली. तंत्रज्ञानाच्या नजरेने हा सगळ्यात मजेदार भाग आहे. मेंदू हा संदेश थांबून थांबून, ठोक्याठोक्याने पाठवतो. तोच संदेश औषधाने सतत, न थांबता दिला, तर सुरुवातीचे काही दिवस टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि मग यंत्रणा कान बंद करून घेते आणि उत्पादन थांबतं. ल्युप्रोलाइड हे असं इंजेक्शन अमेरिकेत १९८५ मध्ये मंजूर झालं. सुरीशिवाय तोच परिणाम, तोही औषध थांबवलं तर बऱ्याचदा परतवता येणारा.

यानंतर थेट कुलूपच बुजवणारी औषधं आली. फ्लुटामाइड, मग बायकॅल्युटामाइड. यांतही रोगाने डाव उलटवला. काही रुग्णांमध्ये रिसेप्टर असा बदलतो की त्याला बंद करणारं औषधच चालू करणारं बटण बनतं. औषध थांबवलं की पीएसए खाली येतो, हे डॉक्टरांनी ९०च्या दशकात पाहिलं.

मग हार्मोन नसतानाही गाठ वाढते कशी? दीर्घकाळ समज असा होता की अशा टप्प्यावर कर्करोगाला हार्मोनची गरजच उरत नाही. २००४ मध्ये चार्ल्स सॉयर्स यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की तसं नाही. गाठीच्या पेशी रिसेप्टरची संख्याच वाढवतात. रसद कमी झाली म्हणून दारं वाढवली, असा प्रकार. मग हार्मोनचा अगदी थोडा अंशही पुरतो. सॉयर्स आणि रसायनशास्त्रज्ञ मायकेल जंग यांनी या वाढलेल्या रिसेप्टरलाही बंद ठेवू शकेल असं औषध शोधलं, ते एन्झाल्युटामाइड. २०१२ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली.

त्याच्या एक वर्ष आधी, २०११ मध्ये, अ‍ॅबिराटेरॉन आलं होतं. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमध्ये जन्मलेलं हे औषध पुरुष-हार्मोन बनवणारं एक एन्झाइमच अडवतं. वृषणात, गाठीच्या आत आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथीतही. त्यासोबत प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडची गोळी द्यावी लागते, कारण अ‍ॅड्रिनलचा तोल बिघडतो. १९४५ मध्ये हगिन्स आणि स्कॉट सुरीने जे साधू पाहत होते आणि कॉर्टिसोनअभावी ज्यात रुग्ण गेले, ते ६६ वर्षांनी गोळीच्या पाकिटात आलं. कॉर्टिसोनच्या भावंडासकट.

भारतातल्या रुग्णांसाठी प्रश्न शास्त्राइतकाच पैशांचाही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने एन्झाल्युटामाइडसाठी केलेला पेटंट अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने २०१६ मध्ये फेटाळला. आज इथे या औषधाच्या आणि अ‍ॅबिराटेरॉनच्या जेनेरिक गोळ्या मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अ‍ॅबिराटेरॉनचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. तरीही वर्षानुवर्षं इंजेक्शनं परवडत नसल्याने १९४१ ची शस्त्रक्रिया आपल्याकडे अजून मोठ्या प्रमाणावर होते. ती जुनी आहे म्हणून दुय्यम आहे, असा समज करून घेण्याचं कारण नाही. टेस्टोस्टेरॉन खाली आणण्यात ती इंजेक्शनांच्या तोडीस तोड आहे आणि एकदाच करावी लागते. फक्त ती उलटवता येत नाही. कुठल्याही मार्गाने हार्मोन तोडलं तरी अंगातून गरम वाफा येणं, हाडं ठिसूळ होणं, स्नायू कमी होणं, कामेच्छा जाणं, साखर वाढणं हे त्रास संभवतात. त्यांबद्दल डॉक्टरांना सुरुवातीलाच विचारायला हवं.

एक धागा अजून सुटलेला आहे. नोबेलच्या व्याख्यानात हगिन्स यांनी हार्मोन तोडण्याबरोबरच हार्मोनचा अतिरेक करूनही काही गाठी रोखता येतात, असा मुद्दा मांडला होता. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील सॅम्युएल डेनमिड यांच्या चमूने त्याच धर्तीची कल्पना रुग्णांवर तपासली आहे. रिसेप्टरची दारं वाढवून बसलेल्या कर्करोगाला अचानक टेस्टोस्टेरॉनचा मोठा डोस द्यायचा, मग पातळी खाली येऊ द्यायची, पुन्हा वाढवायची. काही रुग्णांमध्ये गाठी आटल्या आणि आधी निकामी ठरलेली औषधं पुन्हा लागू पडली, तर काहींमध्ये रोग वाढला. हे अजून चाचण्यांपुरतंच आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगाचा उपचार सुरू असलेल्या कुणीही जिममधल्या किंवा ऑनलाइन सल्ल्यावरून टेस्टोस्टेरॉन घेऊ नये.